तरटावरचा झेंडा

ताई बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी आठवीची परीक्षा देऊन घरीच होते. तिला मुलगा झाला आणि नवव्या दिवशी गेला. सासरहून दोन माणसं येऊन गेली. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. "बरं वाटलं की कळवा," म्हणाली आणि निघाली. त्यानंतर तिकडून पत्र नाही. ताईही काही कळवत नव्हती. खरं तर ती बोलतच नव्हती.

आम्ही सातपूरला कामगारांच्या चाळीत दोन खोल्यांत राहायचो. बाबा कारखान्यात पाळीवर जात. ताई स्वयंपाकघरातल्या खिडकीशी तांदूळ निवडत बसायची. निवडून झालेलं ताट पुन्हा पहिल्यापासून निवडायची. आई तिच्याशी लहान मुलीशी बोलावं तशी बोलायची, "दोन घास खाऊन घे, बाळा." 'बाळा' तोंडून गेलं की मग स्वतःच गप्प व्हायची.

ऑगस्ट आला. चाळीनं ठरवलं की यंदा पंधरा ऑगस्टला प्रत्येकानं आपलं दार सजवायचं. मी पतंगी कागदाची तोरणं कापली आणि लगेच कुरकुरायला लागले, कारण पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. "सगळं भिजून लगदा होणार," मी आईला म्हणाले.

"तरटावर कर," खिडकीतून ताई म्हणाली. "तरट भिजलं तरी फाटत नाही."

कितीतरी दिवसांत ती आपणहून एवढं बोलली नव्हती. आईनं मला डोळ्यांनीच खुणावलं. मी धावत जाऊन कोपऱ्यातलं कांद्याचं रिकामं पोतं आणलं.

ताईनं ते उसवलं, दोनदा धुतलं आणि घरातच दोरीवर वाळत टाकलं. दोन दिवस घरभर ओल्या पोत्याचा वास होता. मग तिनं हातभर लांबीचा तुकडा कापला, कडेचे धागे ओढून झालर काढली, आणि दाभणात लोकर ओवून फुलीचा टाका घालायला लागली. केशरी लोकर आईच्या जुन्या मफलरची, हिरवी माझ्या विटलेल्या स्वेटरची. दुपारी मी शाळेतून आले की तिच्यासमोर बसून धागे तोडून द्यायची. ती मान वर न करता सांगायची, "ओढू नकोस, गाठ बसते."

पांढरी लोकर घरात नव्हती. तिसऱ्या दिवशी ताई उठली, ट्रंक उघडली आणि तळाचं गाठोडं काढलं. त्यात तिनं स्वतः विणलेली टोपी होती, मुठीत मावेल एवढी. तिनं टोक शोधलं आणि ओढलं. टोपी भराभर उसवत गेली. लोकर कुरळी होऊन मांडीवर पडत होती, आणि मी काय करावं न कळून ती बोटांवर गुंडाळत होते.

आई पिठाच्या हातांनी दारात आली. "अगं, ते..."

"कुणाला घालायचंय आता," ताई म्हणाली.

आई आत गेली. पोळ्या लाटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.

मधलं चक्र तिनं निळ्या दोऱ्यानं भरलं. आरे मोजले तर दोन कमी. तिनं सगळं उसवलं आणि पुन्हा भरलं.

पंधरा ऑगस्टला सकाळी आम्ही तो झेंडा दारावर टांगला. ताईनं वेणी घातली होती. बायका येऊन बघत होत्या, एकीनं टाक्यांवरून हात फिरवला. माझ्या वर्गातल्या तीन मुलीही आल्या. तेवढ्यात समोरच्या खोलीतले काका आले. चाळीचा कार्यक्रम त्यांच्याकडे असायचा.

"हे कुणी केलं?" ते म्हणाले. "कांद्याच्या पोत्यावर तिरंगा? झेंड्याचा काही मान असतो की नाही?"

मुली माझ्याकडे बघत होत्या.

"मी नाही केलं," मी म्हणाले. "ताईनं केलंय. मी नकोच म्हणत होते."

ताई माझ्या मागेच उंबऱ्यात उभी होती. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "असू दे, असू दे. आत लावा म्हणजे झालं." त्या मऊ आवाजाची मला जास्त भीती वाटली.

ताईनं झेंडा काढला, चार घड्या केल्या आणि आत नेला. मी मैदानावर गेले, सगळ्यांबरोबर राष्ट्रगीत म्हटलं, हातावर ठेवलेली जिलबी खाल्लीसुद्धा.

नवरात्राआधी मेहुणे तिला न्यायला आले. मी बसस्टँडपर्यंत पोचवायला गेले. तिला काहीतरी सांगायचं ठरवून गेले होते, पण मेहुणे सारखे शेजारीच होते. बस सुटताना ती खिडकीतून म्हणाली, "गणिताकडे लक्ष दे."

पुढे तिला दोन मुली झाल्या. त्यांचे स्वेटर विकतचे असायचे. तिच्या हातात मी पुन्हा कधी सुई पाहिली नाही. ती माझ्याशी चांगलं बोलते, सणाला साडी देते. माझं लग्न झाल्यावर एका हिवाळ्यात तिच्या घरी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. घरात दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, त्या दिवशी मी जे म्हणाले ना..." मी सुरुवात केली.

तिचे हात थांबले नाहीत. "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या गं?" तिनं विचारलं.

"तीन," मी म्हणाले, आणि ती गॅस बंद करायला उठली.