स्क्रीन आणि थेंब

सलाइनचा पंप चालू असतानाही आमच्या सॉफ्टवेअरच्या स्क्रीनवर कधीमधी ‘बंद’ दिसायचं. तीन आठवडे मी त्या चुकीमागे होते. प्रोसेसरवर एकाच वेळी चालणारी दोन कामं पंपाची स्थिती लिहीत आणि रेंगाळलेली जुनी नोंद नवी नोंद पुसून टाकी. खोटं कुणीच बोलत नव्हतं. एक जण फक्त उशिरा बोलत होता. शेवटी एकाचं वाचून-लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं, अशी कोडमध्ये चार ओळींची सोय केली.

आज वॉर्डात जाऊन म्हटलं, “सिस्टर, आता स्क्रीनवर विश्वास ठेवा.”

नळीकडे बघतच त्या म्हणाल्या, “ठेवीन हो. पण मी पहिल्यापासून थेंबच बघते.”

मला वाईट वाटायला हवं होतं. पण इतकी थकले होते, की सगळं माझ्या चार ओळींवर अवलंबून नाही, एवढंच मला ऐकायचं होतं.