प्रबंधात नसलेलं प्रकरण

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीहून एक मुलगी मला भेटायला आली होती. आमच्याच कॉलेजातून बी. ए. केलेली, पुढं बाहेर जाऊन इतिहासात एम. ए. झालेली. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा पास झाली होती आणि आता गाइड शोधत होती. कुणीतरी तिला सांगितलं होतं की मॅडमना विचार, त्या या सगळ्यातून गेल्यात. मी तिला स्टाफरूममध्ये नेलं नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना तिथं स्वतःची खुर्ची नसते, मग पाहुण्याला कुठली देणार? बाहेर लिंबाखाली पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसलो. तिनं पेन काढलं.

"मॅडम, चांगला गाइड कसा ओळखायचा?"

"पेन ठेव आत," मी म्हटलं. "आधी ऐक."

नुसता सल्ला दिला असता तर तिला वाटलं असतं की बाईला नोकरी लागली नाही म्हणून बाई कडू बोलते. म्हणून माझं काय झालं ते सांगत बसले.

आमचं जुनं गाव माकणीच्या धरणात गेलं. माझा जन्म पुनर्वसनाच्या गावातला, सरळ रेघेत आखलेल्या घरांतला. जुनं गाव मी पाहिलं ते फक्त कडक उन्हाळ्यात, पाणी मागं सरकलं की. चिखलातनं विहिरीचं तोंड वर यायचं, एखादी भिंत दिसायची. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, ते काठावर उभे राहून पाण्याकडं हात करून वावरांची नावं सांगायचे. ते मकत्याचं रान. तो फकिराचा तुकडा. त्याच्या खाली केरीचं वावर. लहानपणी मला वाटायचं तिथं कैऱ्या असतील. एम. ए.ला असताना कळलं की कन्नडात तळ्याला केरे म्हणतात, आणि अण्णांनी सांगितलं की त्या वावराच्या वरच्या अंगाला खरंच एक जुनं तळं होतं. त्या दिवशी मी ठरवलं की आपला विषय हाच.

शेतांची नावं हा विषय ऐकून विद्यापीठातल्या पहिल्या दोन-तीन प्राध्यापकांनी मला परत पाठवलं. हा इतिहास नाही, हे लोकसाहित्यात जा म्हणाले. लोकसाहित्यवाले म्हणाले, हा भूगोल झाला. शेवटी एक सर मिळाले. मोठं नाव असलेले, सुंदर बोलणारे, व्याख्यानाला उभे राहिले की लोक डोळे मिटून ऐकायचे. त्यांनी माझी दोन पानं वाचली आणि चष्मा काढून म्हणाले, "हे सोनं आहे. हे सोडू नकोस." घरच्यांशिवाय मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. येताना एसटीत मला खिडकीबाहेरचं काही दिसत नव्हतं, इतकी मी खूष होते.

पुढची वर्षं मी लोहारा, उमरगा या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडं हिंडले. ज्यांची वावरं पाण्याखाली गेली त्यांच्या ओट्यावर बसले. मोबाइलवर त्यांचं बोलणं टिपून घ्यायचं आणि घरी येऊन उतरवून काढायचं. सगळ्यात जास्त दिलं ते अण्णांनी. रुसव्याचं वावर नावाचा एक तुकडा होता, त्याची गोष्ट त्यांनी मला धरणाच्या काठावर बसूनच सांगितली.

"माझी आज्जी रुसून म्हायेरला निघाली व्हती," अण्णा म्हणाले. "ह्या बांधापस्तोर आली आन् बसली. पुढं जावंना, मागं येवंना. सासरा आला हुडकत. म्हणला, ऊठ, हे वावर आजपस्नं तुजं. कागदावर काय न्हाय झालं. पर तवापस्नं नाव पडलं ते पडलं."

"मग आज्जी उठली का?"

"न उठून काय करती? पर त्या वावरात ती कुणाला पाय ठिऊ द्यायची न्हाय."

हे सगळं चौथ्या प्रकरणात आलं. बाकीची प्रकरणं प्रबंधाला लागतात तशी होती, धरणाचा इतिहास, पुनर्वसन, सरकारी कागद. चौथं प्रकरण माझं होतं. सर प्रत्येक मसुदा मागून घ्यायचे. रेकॉर्डिंगही द्यायला सांगितली. "तुझा मोबाइल हरवला-बिरवला तर? माझ्याकडंही एक प्रत राहू दे." एवढी काळजी करणारा गाइड मिळाला म्हणून मी मैत्रिणींना सांगत फिरले.

त्या हिवाळ्यात अण्णा गेले. थंडी बाधली, दवाखान्यात नेलं आणि तिथंच संपलं. दिवस घातले, आणि लगेच काही दिवसांनी विद्यापीठात परिषद होती. बाहेरगावचे पाहुणे आले होते. आम्हा संशोधक विद्यार्थ्यांना पुष्पगुच्छ आणि प्रमाणपत्रं सांभाळायचं काम होतं. मी मागच्या रांगेत प्रमाणपत्रांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसले होते, आणि सरांचा निबंध सुरू झाला.

पहिल्या वाक्याला मला वाटलं, सर माझ्या कामाचा उल्लेख करणार. दुसऱ्या वाक्याला कळलं की हेच माझं काम आहे. मकत्याचं रान आलं, फकिराचा तुकडा आला. केरी आणि केरे हेही आलं. मग सर थोडे थांबले, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मी त्या वृद्ध शेतकऱ्याशेजारी धरणाच्या काठावर बसलो होतो. त्यानं पाण्याकडं बोट केलं आणि मला म्हणाला, माझी आजी रुसून निघाली होती..." एका पाहुण्या बाईंनी डोळे पुसले.

सर माकणीला कधी आलेले नव्हते. मी दोनदा बोलावलं होतं, त्यांना सवड नव्हती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मी उठेन असं मलाही वाटलं नव्हतं. गठ्ठा शेजारणीच्या मांडीवर ठेवला आणि उभी राहिले.

"सर, ते शेतकरी आता कसे आहेत?"

सर माझ्याकडं बघून हसले. मला वाटतं, त्यांना तो प्रश्न मदतीचा वाटला. "चांगले आहेत," ते म्हणाले. "अशी माणसं काटक असतात."

"ते वारले, सर," मी म्हटलं. "गेल्या महिन्यात. माझे चुलते होते."

माझा आवाज चढला नव्हता. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

चहाच्या टेबलापाशी माझ्याशी कुणी बोललं नाही. संध्याकाळी एक संशोधक विद्यार्थी जिन्यात भेटला, खाली-वर बघून घेतलं आणि हळूच म्हणाला, "ताई, बरं केलंस." दुसऱ्या दिवशी तोच सरांची बॅग गाडीपर्यंत घेऊन चालला होता. विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावून समजावलं. "तुझं चूक आहे असं मी म्हणत नाही. पण आधी प्रबंध जमा करायचा, मग काय ते बोलायचं. आणि गाइडनं विद्यार्थ्याचं काम मांडणं ही काही चोरी नव्हे. तोही त्यात असतोच."

सरांना मी एकदाच भेटले. ते चिडले नव्हते, हेच मला सहन झालं नाही. "संशोधनात तुझं-माझं नसतं," ते म्हणाले. "नावांवर कुणाची मालकी असते का? ती समाजाची असतात." त्यानंतर त्यांनी माझ्या प्रगती अहवालावर सही करणं बंद केलं. नाही असं कधीच म्हणायचे नाहीत. आज मीटिंग, उद्या दौरा. मी सकाळच्या गाडीनं यायचे, केबिनबाहेरच्या बाकड्यावर बसायचे, संध्याकाळच्या गाडीनं परत. माझ्या बरोबरच्या मुली पुढं गेल्या. गाइड बदलून मिळायला सरांचीच ना हरकत लागत होती, आणि ती मिळवण्यात एवढा काळ गेला की मुदतवाढीसाठी अर्ज करायची पाळी आली.

नवीन गाइड एक मॅडम होत्या. निवृत्तीला आलेल्या, सरळ स्वभावाच्या, कुणाच्या वाकड्यात न जाणाऱ्या. त्यांनी माझं सगळं वाचलं, भाषा दुरुस्त केली, संदर्भ नीट लावून घेतले. प्रबंध पूर्ण झाला आणि वाङ्मयचौर्य तपासायला ग्रंथालयात गेला. तिथं कॉम्प्युटरवर प्रबंध टाकला की आधी छापलेल्या मजकुराशी तो कुठं जुळतो ते रंगीत होऊन दिसतं. तिथल्या कर्मचाऱ्यानं मला बोलावून घेतलं. बिचारा अवघडला होता.

"मॅडम, बाकी सगळं ठीक आहे. पण चौथं प्रकरण उचललेलं दाखवतंय."

पडद्यावर ते प्रकरण पहिल्या ओळीपासून लाल झालेलं होतं. शेजारी ज्या लेखातून मी ते उचललं म्हणून दाखवलं होतं त्याचं नाव होतं, आणि खाली सरांचं नाव. परिषदेतला निबंध मध्यंतरी एका मासिकात छापून आला होता.

मी मॅडमकडं गेले. माझे मसुदे सरांना पाठवलेल्या ई-मेलच्या तारखा दाखवल्या. त्यांनी सगळं पाहिलं, विश्वासही ठेवला. मग पदर सारखा करत म्हणाल्या, "तक्रार केलीस तर समिती बसेल. समितीवर कोण असेल ते तुला माहीत आहे. मी निवृत्त झाले की तुझ्या मागं कुणी नाही. दोन वाटा आहेत. एक तर त्यांचा आधार घेतला असं तळटिपेत लिही, नाहीतर प्रकरण काढून टाक."

अण्णांची गोष्ट मी सरांकडून घेतली असं लिहायला माझा हात धजला नाही. मी प्रकरण काढून टाकलं. पाचव्याला चारचा आकडा दिला, अनुक्रमणिका बदलली, आणि प्रबंध जमा केला.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक चांगले होते, मन लावून वाचून आले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "एवढं सगळं केलंत, पण त्या बुडालेल्या जमिनींना लोक काय म्हणत होते, याबद्दल एक अक्षर नाही. असं का?"

मॅडम टेबलाकडं बघत राहिल्या. मी म्हटलं, "विषयाच्या मर्यादेत बसलं नाही, सर."

त्यांनी मान हलवली आणि अभिनंदन केलं. नावामागं डॉक्टर लागलं.

गावाकडं प्रबंध दाखवायला नेला. जाड पुठ्ठ्याचा, सोनेरी अक्षरांचा. काकू, म्हणजे अण्णांची बायको, दारात तूर पाखडत होती. तिनं हात पुसून तो मांडीवर घेतला.

"ह्येंचं नाव आलंय का गं ह्याच्यात?"

"आलंय. पहिल्याच पानावर आभार मानलेत."

"आन् ते रुसव्याचं वावर?"

"ते न्हाय आलं, काकू."

तिनं प्रबंध उलटासुलटा करून पाहिला. मग विचारलं, "मग एवढं काय हाय आत?"

पुढं मी ते प्रकरण स्वतंत्र लेख म्हणून एका मासिकाला पाठवलं. परत आलं. परीक्षकाचा शेरा होता की या विषयावर आधी झालेल्या महत्त्वाच्या कामाची लेखिकेला माहिती दिसत नाही, आणि ते काम म्हणून सरांचाच लेख सुचवला होता. नोकरीच्या मुलाखतीही दिल्या. एका ठिकाणी मुलाखत चालू असतानाच संस्थेचे एक पदाधिकारी आत आले आणि निवड झालेल्या उमेदवारानं पेढे आणलेत, ते कुठं ठेवायचे म्हणून विचारून गेले. त्या पेढ्यांतला एक मलाही मिळाला. आता मी दोन कॉलेजांत तास घेते, एक तास संपला की एसटीनं दुसरीकडं.

एवढं ऐकून वाशीची मुलगी म्हणाली, "म्हणजे करूच नको म्हणताय का, मॅडम?"

"तसं म्हणत न्हाय," मी म्हटलं. आणि मग तिला आठवेल तसं सांगितलं. गाइडची पुस्तकं सावकाश वाच, आधी त्याच्याकडनं बाहेर पडलेल्या मुली हुडक. त्यातल्या किती त्याच्याविषयी बोलतात आणि किती विषय बदलतात ते बघ. रेकॉर्डिंग कुणाला देऊ नको, काळजीनं मागितली तरी. जे सगळ्यात चांगलं जमलंय ते आधी स्वतःच्या नावानं छापून घे, मग गाइडला दाखव. रागावला तर रागावू दे. पोटापाण्याचं दुसरं काही हाताशी ठेव, पदवीवर संसाराचा बेत आखू नको. आणि विषय असा घे की सगळं फसलं तरी तो केल्याचं वाईट वाटणार नाही. माझ्या बाबतीत एवढी एकच गोष्ट नीट झाली.

तिनं पेन काढलं नाही, पण सगळं ध्यान देऊन ऐकलं. दोन-तीन महिन्यांनी तिचा फोन आला. लातूरकडचे एक गाइड मिळाले होते, त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींशी ती खरंच बोलली होती आणि सगळ्या बरं बोलल्या होत्या. मला समाधान वाटलं.

मग गेल्या आठवड्यात पुन्हा फोन. गाइडच्या मुलीचं लग्न होतं, पत्रिका वाटायला आणि पाहुण्यांचं बघायला सगळ्या विद्यार्थ्यांना चार दिवस आधी बोलावलं होतं.

"काय करू, मॅडम?"

"आजारी आहे म्हणून सांग."

मग ती म्हणाली, "बाकीचे सगळे जाणार आहेत. मी एकटीच नाही गेले तर डोळ्यावर येईल."

"मग तू ठरव," मी म्हटलं.

ती गेली. लग्नात सगळ्या विद्यार्थिनींनी एकाच रंगाच्या साड्या नेसल्या होत्या, तो फोटो तिनं मला पाठवला. हातात अक्षतांचं ताट होतं आणि चेहरा हसरा होता. मी फोटो बघितला, छान म्हणून कळवलं आणि पुढच्या तासाची गाडी धरायला निघाले.