एल्मारनं वाचलेला हिवाळा

नोव्हेंबरात, मार्टिनच्या सणाला एल्मारच्या अंगणात डुक्कर कापलं की माणसं मांसासाठी कमी आणि पानथरीसाठी जास्त जमायची. पानथरी, म्हणजे डुकराची लांबट प्लीहा, न धुता फळीवर आडवी ठेवायची आणि तिच्यावरून येणारा हिवाळा वाचायचा. डोक्याकडचं टोक म्हणजे हिवाळ्याची सुरुवात, मधला भाग ऐन हिवाळा, शेपटीकडचं टोक वसंत. जिथं जाड तिथं थंडी आणि बर्फ, जिथं पातळ तिथं आराम. एल्मारचा आजा ती वाचायचा, मग बाप, आता एल्मार. घरात देव मानला नाही तरी चालायचं, पानथरीबद्दल खोटं बोललेलं चालायचं नाही.

एस्टोनियाच्या दक्षिणेकडच्या त्या वस्तीत आता दोनच धुराडी उरली होती. एक एल्मारचं आणि एक समोरच्या सल्मेचं. दोघांचेही जोडीदार मातीआड गेलेले. सल्मेचा सौना, म्हणजे वाफेनं न्हायची खोली, तडकला होता, म्हणून शनिवारी ती एल्मारच्या सौनात अंघोळीला यायची. मग लालबुंद गालांनी टेबलाशी बसून चहा प्यायची आणि त्याची खोडी काढायची. एल्मारचा आठवडा त्या एका चहासाठी सरायचा, पण हे कबूल करण्यापेक्षा तो मेला असता.

या वर्षी मात्र सल्मेची मुलगी तार्तू शहरातून हात धुऊन मागं लागली होती. हिवाळा जड असेल तर आमच्याकडे ये, म्हणत होती. यंदा डुक्कर कापलं तेव्हा पानथरी बघायला फक्त सल्मे आली होती.

"काय हवामानखातं, काय म्हणतंय तुमचं डुक्कर?"

एल्मारनं फळी उजेडाकडे वळवली. पानथरी पातळ निघावी असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं. मधोमध ती चांगली टम्म फुगलेली होती.

"जानेवारीत खिडकीपर्यंत बर्फ," तो म्हणाला. "आणि हाडं गोठवणारी थंडी."

"म्हणजे जाऊ म्हणतोस?"

"मी कुठं म्हणतोय? पानथरी म्हणतेय."

"पानथरीला कोण विचारतंय, मेल्या!" सल्मे म्हणाली. पण एल्मार सुरी पुसत राहिला. चार दिवसांनी ती घराची किल्ली त्याच्या हातात ठेवून बसमध्ये बसली.

आणि मग पाऊस पडला. नाताळला अंगणात हिरवं गवत होतं. एल्मारनं मुद्दाम दाराशी उभं करून ठेवलेलं बर्फाचं फावडं कोरडंठाक राहिलं. त्याचं भाकीत सगळीकडे पोचलं होतं, दुकानात टोमणे सुरू झाले. "एल्मार, खिडकी बुडाली का रे? होडी पाठवू?" त्यानं दुकानात जाणं कमी केलं. शनिवारी एकट्यासाठी सौना तापवायचा कंटाळा येऊ लागला, मग त्यानं तोही सोडला. संध्याकाळी समोरची खिडकी काळी दिसायची, आणि त्याला फार एकटं वाटायचं.

जानेवारीत सल्मेचा फोन आला.

"काय हवामानखातं, किती आहे बर्फ?"

एल्मारनं बाहेर पाहिलं. तिच्या फाटकाशी चिखल होता.

"का गं?"

"नाही, कमी असेल तर शुक्रवारच्या बसनं येईन म्हणते. इथं दिवसभर भिंतींशी बोलते मी. आणि अरे, ते डुक्कर तू किनाऱ्याकडून आणलेलं ना? परक्या मुलखाचं जनावर, त्यानं तिकडचा हिवाळा सांगितला असेल. तुझी काय चूक त्यात?"

इतकी सोपी पायवाट तिनं करून दिली होती. पण एल्मारला दुकानातलं हसू आठवलं, बाप आठवला.

"खिडकीपर्यंत आहे," तो म्हणाला. "मी सांगितलं होतं तसंच."



"बरं," सल्मे म्हणाली. "मग राहा तुझ्या बर्फात. मी वसंतातच येते."

टीव्हीवरचं हवामान एल्मार कधी बघत नसे, त्यात त्याला घराण्याचा अपमान वाटायचा. त्या संध्याकाळी जेवताना टीव्ही चालू राहिला आणि बातम्यांनंतर नकाशा आला. त्यांचा सगळा कोपरा हिरवा. निवेदिका हसून म्हणाली, दक्षिणेत अजूनही बर्फाचा कण नाही. घास त्याच्या तोंडातच राहिला. तार्तूत सल्मेच्या लेकीच्या घरी रोज बातम्या लागतात, हे तिनंच त्याला सांगितलं होतं. तिला बर्फ किती हे ठाऊक होतं. तिला फक्त त्याच्या तोंडून 'ये' ऐकायचं होतं.

त्यानं फोन उचलला. खोटं बोललो, हे शब्द काही केल्या जुळेनात. त्यानं फोन ठेवून दिला.

शुक्रवारी सकाळी फावडं घेऊन तो समोर गेला. सल्मेच्या पायऱ्यांवर कुजकी पानं साचली होती, ती त्यानं लोटली आणि फाटकापर्यंतची वाट साफ केली. दुपारी बस वळणावर आली आणि न थांबता पुढं गेली. एल्मार फावडं धरून तिथंच उभा राहिला.