रेडकाला शाम्पू लावला, त्या दिवसाची गोष्ट

गेल्या मंगळवारी घोडेगावजवळच्या एका वस्तीवर माझ्या हातून एक मूर्खपणा झाला. चारचौघांत सांगण्यासारखा नाही, पण सांगतेच...

मी नगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. (अजून नगरच येतं तोंडात, लागेल हळूहळू नव्या नावाचं वळण.) सुट्टीत एका सिनेमाच्या कलाविभागात मदतीला जातेय. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी लहानपणी वाचलेलं एक चित्रांचं पुस्तक आहे... कपाळावर पांढरा चांद असलेलं रेडकू बाजारात हरवतं आणि आईला शोधत फिरतं. त्याच्यावर सिनेमा होतोय, खरी माणसं आणि खरी जनावरं घेऊन. नाव सांगायला बंदी आहे, तशी सहीच घेतलीय माझी.

पुस्तक तसं सोपं. सोळा पानं आणि मोजकी वाक्यं. चित्रातली म्हैस जांभळी असली तरी चालते आणि ती चित्रकाराचं ऐकते. खरी म्हैस कुणाचंच ऐकत नाही. शेवटच्या पानावर आई रेडकाला पाजतेय, एवढंच चित्र आहे, आणि तेवढ्या एका शॉटसाठी आम्ही चार गावं पालथी घातली.

शेवटी हिराबाई मावशींची काशी मिळाली. वीसेक दिवसांपूर्वी व्यालेली, स्वभावानं गरीब. मावशी आधी नकोच म्हणत होत्या, कारण घरात दुसरं दुभतं नाही, काशीचंच दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जातं. काही होणार नाही, मी आहे ना, असं सांगून त्यांना तयार केलं ते मीच.

काशीच्या रेडकाला चांद नव्हता, तो मी काढणार होते. जनावराला त्रास नको म्हणून रंग न वापरता तांदळाच्या पिठाची पेस्ट केली... त्याचा मला कोण अभिमान. पण रेडकाच्या अंगावर शेण वाळलेलं, कॅमेऱ्यात बरं दिसणार नाही असं वाटलं. मावशी सकाळी रानात गेल्या होत्या तेव्हा मी त्याला माझा शाम्पू लावून घसाघसा धुतलं, कोरडं केलं आणि वर चांद काढला. अगदी पुस्तकातल्यासारखं चकचकीत दिसायला लागलं.

मावशी परत आल्यावर कॅमेरा लागला, रेडकाला काशीजवळ सोडलं. तिनं हुंगलं, नाक फेंदारलं आणि सरळ लाथ मारली. पुन्हा सोडलं तर शिंगानं ढकलून दिलं.

मावशींचा चेहरा उतरला. म्हैस रेडकाला नाकारते तेव्हा पान्हा सोडत नाही, आणि असंच चालू राहिलं तर आटते... हे मला त्या दिवशी कळलं. मावशींना वाटलं, लाइट आणि जनरेटरला बुजली असेल. म्हणून आमच्या दिग्दर्शक सरांनी सगळं बंद केलं, माणसं लांब नेली. तासभर गेला तरी काशी रेडकाला जवळ येऊ देईना, आणि ते भुकेनं ओरडत होतं.

मला एव्हाना शंका आली होती. रेडकाच्या अंगाला माझ्या केसांसारखा वास येत होता. तरी मी गप्प. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून सांगणारी बाई मी... लिहितानाही लाज वाटतेय.

सर म्हणाले, दुसरी म्हैस आणू आणि शॉट उरकून घेऊ. तेव्हा मावशी पुढे आल्या.

"शूटिंगचं तुमचं तुमी बगा. माज्या म्हशीला आदी तिचं लेकरू वळकू द्या."

मग मला राहवेना. शाम्पूचं सगळं सांगून टाकलं, सांगता सांगता रडायलाच आलं.

मावशी पाण्याची बादली घेऊन आल्या. त्यांनी रेडकाला साध्या पाण्यानं दोनदा धुतलं, काशीच्या पायाखालचं शेणामुतानं भिजलेलं गवत घेऊन अंगभर चोळलं आणि वरून मीठ लावलं. मी बाजूला उभी होते. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमचा चांद काडा आता. पीठच हाय, त्याला काय हुतंय."

काढला. काशी बराच वेळ नुसती हुंगत राहिली. मग जिभेला मीठ लागलं... पाठ, मान, कान करत ती कपाळावर आली आणि चांद साफ. रेडकू कासेला भिडलं, आणि या वेळी तिनं लाथ मारली नाही. पान्हा सुटलेला बघून मावशींनी काशीला हात जोडले. सरांनी लांबून कॅमेरा पुन्हा चालू केला होता.

आता पंचाईत अशी की पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चांद आहे. पोरं विचारतील चांद कुठे गेला, असं सरांचं म्हणणं. मावशींना त्यात काही कोडंच दिसेना.

"आईनं चाटला. आनखी कुटं जानार?"

शॉट तसाच ठेवलाय.

माझा जीव मात्र दुधात अडकला होता. संध्याकाळची धार निम्मीच निघाली. मावशी जेवून जा म्हणत होत्या, पण मला तिथं बसवेना. तशीच निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. काशीनं सगळं दूध दिलं होतं, बादली पहिल्यासारखी भरली होती. मी पुन्हा माफी मागायला लागले तर त्यांनी मध्येच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. काल उपाशीच गेल्या तुमी. पोटात काय गेलंय का न्हाई?"

ज्यांची म्हैस मी आटवायला निघाले होते, त्या माझ्या जेवणाची काळजी करत होत्या. रविवारी जातेय त्यांच्याकडे, पोटभर जेवायला.