अक्काच्या हातातली अक्षरं

भाच्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं. "मावशी, आई गेली," एवढंच तो बोलला. दूध उतू गेलं, मी तशीच उभी... आणि मनात पहिल्यांदा काय यावं? अक्काची अक्षरं तिच्याजवळच राहिली, आता डाव पुरा कसा होणार! कुणी काही म्हणो, आलं ते हेच.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही मुदखेडच्या. शाळेतल्या बाईंच्या घरी तिनं इंग्रजी अक्षरं जुळवून शब्द करायचा खेळ पाहिला आणि घरी येऊन मराठीत बनवायला बसली. आंब्याच्या पेटीच्या फळ्या कापून चौकोनी तुकडे केले, घासून गुळगुळीत केले, त्यांवर ऑइलपेंटनं अक्षरं काढली. पुठ्ठ्यावर घरं आखली. पिशवीत न बघता हात घालून सात अक्षरं घ्यायची, काना-मात्रा तोंडानं द्यायच्या. पहिला शब्द मधल्या घरातून गेला पाहिजे आणि पुढचा प्रत्येक शब्द आधीच्या एखाद्याला चिकटला पाहिजे. एक तुकडा कोरा, तो हवं ते अक्षर व्हायचा. आणि तो नेमका तिलाच कसा सापडायचा, देव जाणे!

मोठा दुष्काळ पडला त्या वर्षी आमचा सगळा खेळ टँकरच्या वाटेकडे कान लावूनच चालायचा. भोंगा वाजला की घागरी घेऊन पळायचं. मग अक्कानं घरचाच एक नियम काढला. उठताना आपापली अक्षरं पदरात नाहीतर रुमालात बांधून न्यायची, पटाला हात लावायचा नाही आणि दुसऱ्याची गाठ सोडायची नाही. रांगेत ती बोटांनी गाठ चाचपत शब्द जुळवायची. बाया विचारायच्या, "काय गं, पैसे बांधलेस का?" ती नुसती हसायची.

पुढं लातूर जिल्हा वेगळा झाला, नव्या कचेरीत अक्काला नोकरी लागली, संसारही तिकडंच झाला. मी नांदेडला. पण नियम राहिला. ती आली की अर्धा डाव पुरा करायचा, नवा मांडायचा, आणि तो अर्धा टाकून तिनं आपली अक्षरं बांधून लातूरला न्यायची. यायला काही निमित्त नको का! उन्हाळ्यात तिच्याकडं पाणी नसायचं, मी म्हणायची, इकडंच राहा. ती राहायची नाही. खूप भांडले मी तिच्याशी त्यावरून.

शेवटची आली तेव्हा ऑटो दारात उभा होता आणि खेळायचं तिनंच होतं.

"अक्का, लावून टाक की एखादा शब्द."

"घाईत न्हाई लावत मी. चांगला जुळून राहिलाय. येते की परत."

अक्कासाठी पुण्यानुमोदनाची वंदना झाली त्या दिवशी भाच्यानं तिच्या पर्समधला रुमाल माझ्या हातात दिला. "मावशी, ह्यात काय हाय? वाजून राहिलंय." मी तो तसाच, गाठ न सोडता, घरी आणला.

पट अजून आलमारीवर आहे, कापडाखाली, तिनं सोडला तसा. मुलगी म्हणते, आई, गाठ सोड, कोणता शब्द होता ते तरी कळेल. मलाही कळायला हवंय, फार हवंय... पण दुसऱ्याची गाठ सोडायची नाही. मी रुमाल पटाशेजारी ठेवलाय, ती बसायची त्या बाजूला. माझी अक्षरं माझ्या हातात आहेत आणि खेळायचं अजून तिनंच आहे.