राखेच्या सतरा पुड्या

१२ जानेवारी, रविवार, दुपारी साडेतीन. भोपाळच्या शिवाजी नगरमधलं माझं सरकारी क्वार्टर. हजर: चाकाच्या खुर्चीत बाबा, शेजारी आई, मी, आणि बाबांच्या हाताखाली शिकून आता स्वतः भूवैज्ञानिक झालेल्या एक बाई. टेबलावर राखेच्या सतरा बरण्या.

ही राख इथली नाही. भोपाळात पायाखाली असतो तो काळा दगड पातळ लाव्ह्याचा. भेगांमधून वाहत आला आणि थिजला. राख आली ती समुद्रापलीकडच्या, सुमात्रा बेटावरच्या ज्वालामुखीतून, हजारो वर्षांपूर्वी. दोन्हींतला फरक मी शाळेत असताना बाबांनी ओट्यापाशी समजावला होता. "वरणातले बुडबुडे मुकाट्याने फुटतात. पिठलं घट्ट, वाफ आत अडकते, आणि मग बघ कसं अंगावर उडतं." घट्ट शिलारस वर चढतो तसा दाब कमी होतो, त्यात विरघळलेला वायू सुटतो आणि सगळा रस फेसासारखा फुगून फुटतो. त्या बुडबुड्यांच्या फुटक्या भिंती म्हणजे ही राख, बारीक, बाकदार काच. वाऱ्याने ती नर्मदेपर्यंत आणली.

नर्मदेच्या एका काठातला खालचा थर सरळ आकाशातून पडलेला आहे, असं बाबांचं म्हणणं. इतर म्हणायचे, नदीने मागाहून वाहून आणला. नोकरीत असताना बाबांनी त्या काठातून खालून वर, बोटाबोटाच्या अंतरावर सतरा नमुने काढले. निवृत्तीनंतर लिहीन म्हणाले. लिहायला बसले त्याच वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. समजतं मात्र सगळं.

मी दोघांना माझ्याकडे आणलं. सामानाची यादी सात पानांची झाली. नमुने वर्तमानपत्राच्या मळक्या पुड्यांमध्ये होते. मी एकसारख्या बरण्या आणल्या, त्यांत राख ओतली, फिकट ते गडद अशा ओळीने लावल्या, कागद रद्दीत दिले आणि यादीत खूण केली. कागदांवर पेन्सिलीचं काहीतरी होतं. मला वाटलं, शब्दकोडं सोडवलं असेल.

त्या रविवारी बाईंनी बरण्या पाहिल्या आणि त्या माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आल्या.

"ताई, खालून पहिली कुठली? सर तर पुडीवरच लिहायचे, जागा, खोली, सगळं."

कागद रद्दीत गेल्याचं मी सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"सूक्ष्मदर्शकाखाली काच स्वच्छ आहे की वाळू मिसळलीय, तेवढं दिसेल. खाली कोण होतं आणि वर कोण, ते नाही दिसणार."

"पुन्हा काढता येतील ना नमुने?"

"तो काठच पुरात ढासळला, ताई. मागच्या साली."

दारात आई उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "लहानपणी खेळणीसुद्धा रंगाने लावायचीस," ती म्हणाली. "मी कौतुक करायची मेली."

बाहेर आलो तर बाबांनी डाव्या हाताने एक बरणी उचलली होती. फिरवून फिरवून पाहत होते. तळ पाहिला, झाकण पाहिलं. खाली ठेवून दुसरी घेतली. तिसरीही तशीच उलटी करून पाहू लागले, तेव्हा आईला राहवलं नाही.

"अहो, कागद आत कपाटात आहेत. जपून ठेवलेत हिने."

बाबा अर्ध्या चेहऱ्याने हसले आणि माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली, शाबासकीची.

तेव्हापासून रोज सकाळी चहा झाला की ते कपाटाकडे बोट दाखवतात. मी म्हणते, "उशीर होतोय, बाबा, ऑफिसातून आल्यावर काढते." काल रविवार होता, तरी मी तेच म्हणाले.

माझ्या याद्यांमध्ये सहसा दोन दिवसांपेक्षा जुनं काही उरत नाही. १२ जानेवारीच्या पानावर एक ओळ आहे. बाबांना सांगणे.