बाबांनी ज्याला शिस्तीत ठेवलं

आमची सर्व्हिस मोटार घोडेगावच्या बाजारात अडकली, नाहीतर त्या दिवशी बाबांचं तोंडही दिसलं नसतं. आम्ही उठायच्या आधीच ते घरातून निघून गेले होते. मोटारीत मी, माझा थोरला भाऊ योहान, वहिनी आणि तिच्या मांडीवर त्यांची लहानगी मार्था. पुढं नगर आणि नगरहून मुंबई. रस्त्यावर जनावरं आडवी आली, ड्रायव्हरनं कुणाच्या तरी आईचा उद्धार करत इंजिन बंद केलं, आणि त्या कलकलाटातून बाबांचा आवाज आला.

बाबा आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे पाद्री. बाजाराच्या दिवशी हातात डफ घेऊन लिंबाखाली उभे राहायचे. गिऱ्हाईक बैलाचे दात बघायचं आणि बाबा गिऱ्हाइकाला पापाबद्दल सांगायचे. कुणी हसायचं, कुणी ऐकायचं. त्या दिवशी ते सांगत होते, “बाबांनो, मागं फिरा. देव तुमची वाट बघतोय, तुमीच लांब चाललाय.” तेवढ्यात त्यांना मोटार दिसली. मी खिडकीतून “बाबा!” अशी हाक मारली. त्यांनी हात वर केला. तो आशीर्वादाचा होता की प्रवचनातला, ते मला आजही सांगता येत नाही. योहान दुसऱ्या बाजूला तोंड करून बसला होता. मोटार सुटली.

तुम्ही गावाकडचे मला अजून विचारता, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेलेही विचारतात, की बाप-लेकात एवढं काय झालं होतं? म्हणून एकदाचं सांगून टाकते.

आमचं गाव सोनईच्या अलीकडं. देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांब खोली. रविवारी उपासना आणि एरवी पोरांची शाळा. बाबा तिथं पश्चात्तापावर बोलायचे, आणि आई देवळाच्या मागच्या चुलीवर ज्याला त्याला जेवू घालायची. बाबा म्हणायचे, “आधी त्याला त्याचं पाप कळू दे.” आई म्हणायची, “आधी त्याला गिळू दे.” यावरून दोघांची रोज जुंपायची. आम्हाला त्याची गंमत वाटायची. माणसं मंडळीत बाबांच्या प्रवचनानं आली की आईच्या कालवणानं, हा वाद आमच्या घरात कधी मिटला नाही.

लढाईचे दिवस होते. पटकीची साथ आली आणि मार्था आजारी पडली. तिचे डोळे खोल गेले. बाबा तिच्या उशाशी गुडघ्यांवर होते. आई चमच्या-चमच्यानं पेजेचं पाणी पाजत होती. वहिनीचं माहेर ख्रिस्ती नव्हतं. तिच्या आईनं निरोप धाडला की मरीआईला कोंबडं दिल्याशिवाय पोर वाचत नाही. भर दुपारी, सगळ्या वस्तीच्या डोळ्यांदेखत, योहान काखेत कोंबडं घेऊन शिवेवर गेला. पाळकाचा मुलगा! लपूनछपून गेला असता तर कदाचित झाकलंही गेलं असतं. पण लपणं त्याच्या रक्तात नव्हतं, आणि ते रक्त बाबांचंच होतं.

मार्था जगली. आज नर्स म्हणून मला विचाराल तर मी आईच्या पेजेकडं बोट दाखवीन. बाबा प्रार्थनेकडं दाखवायचे. वहिनी शिवेकडं बघायची.

आमच्या मंडळीत एक रीत होती. कुणी जुन्या देवाचा नवस फेडला, तर त्याला शिस्तीत ठेवायचे. म्हणजे प्रभुभोजनाच्या रविवारी सगळ्यांना भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस मिळायचा, आणि त्याच्यापुढून ताट निघून जायचं. सगळ्यांसमोर उभं राहून, चुकलो, मन फिरवलं, असं म्हटलं की पुन्हा आत. आदल्याच वर्षी बाबांनी एका म्हाताऱ्याला असं उभं केलं होतं. बिचारा थरथरत होता. आता पोटच्या पोराला सोडलं असतं, तर त्या म्हाताऱ्याला कोणत्या तोंडानं भेटणार? रविवारी बाबांनी योहानचं नाव स्वतः वाचलं. आवाज जरासुद्धा हलला नाही. याचा मला फार राग आला होता.

घरी आल्यावर योहान म्हणाला, “बाबा, पोरगी जगली. त्येचा पस्तावा मी कसा करू?”

“ती जगली त्येचा न्हाई रं. तिचा जीव टांगनीला लागला आन् तू देवाचा हात सोडलास, त्येचा कर.”

“मी बाप हाय तिचा. जो हात दिसंल तो धरला.”

“अवो, तुमी बी बाप म्हनून बगा की एकदा,” आई म्हणाली.

“बाप हाय म्हनूनच,” बाबा म्हणाले, आणि उठून देवळात गेले.

दोघंही खरं बोलत होते. म्हणून तर काही इलाज चालला नाही. दोघं एका घरात, एका पंगतीला बसून जेवायचे, पण बोलायचे नाहीत. शेवटी योहाननं मुंबईच्या गिरणीत ओळख काढली. मला नर्सिंगला जागा मिळाली होती, मीही त्यांच्यासोबत निघाले.

मुंबईत माझी जीभ बदलली. ड्यूटी, मेट्रन, नाइट, ऑफ. गावी असताना मी माणसांना नावानं ओळखायची, इथं बेड नंबरनं. योहान भायखळ्याला चाळीत राहायचा. रविवारी सगळे मिळून देवळात जायचो. तिथं त्याला कोण ओळखत होतं? प्रभुभोजनाला हात पुढं केला असता तर कुणी अडवलं नसतं. पण ताट यायच्या आधी तो उठून बाहेर जायचा आणि पायरीवर चपला घालून बसायचा. मी एकदा भांडले त्याच्याशी. म्हटलं, इथं कोण बघतंय? तो म्हणाला, “बाबांनी काढलंय. बाबाच घेतील आत.” त्याला गावी जायचं होतं, बाबांशी बोलायचं होतं, हे मला दिसत होतं. दरवर्षी म्हणायचा, नाताळात जाऊ. दरवर्षी सुटीचं काहीतरी निघायचं. खरं म्हणजे तो भीत होता.

स्वातंत्र्य मिळाल्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबा प्रवचन करता करता खाली बसले ते उठले नाहीत. तार हातात पडून आम्ही पोचेपर्यंत माती झाली होती. योहान कबरीपाशी उभा राहिला, पण रडला नाही. घरी येऊन चुलीपुढं बसला. आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला आणि एकदम म्हणाली, “तुला शिस्तीत ठिवलं, तवापास्नं त्यांनी बी घेतलं न्हाई.”

आम्हाला कळेना.

प्रभुभोजनाची भाकरी आईच करायची. मनुका भिजवून रसही तीच काढायची, आणि नंतर ताटं-प्याले तीच धुवायची. बाबा सगळ्यांना वाटायचे, शेवटी पाठमोरे होऊन आपला प्याला ओठांना लावल्यासारखं करायचे. धुवायला आलेला प्याला भरलेला असायचा. ताटात एक तुकडा असायचा. कितीतरी दिवस आई काही बोलली नाही. मग एकदा विचारलंच. तर म्हणाले, “जे माज्या लेकराला मी देत न्हाई, ते मी कसं खाऊ? त्यो आला म्हंजी दोगं मिळून घेऊ.”

“मग आमाला सांगायचं की गं!” मी ओरडलेच आईवर.

“सांगू दिलं न्हाई. म्हनले, मी उपाशी हाय म्हनून त्यो आला तर माज्यासाटी यील. देवाकडं त्यानं आपल्या पायानं यावं.”

योहाननं कपाळ गुडघ्यांवर टेकवलं आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडला. “मी बी न्हाई खाल्लं, आई. मी बी न्हाई खाल्लं,” एवढंच म्हणत राहिला. आईनं त्याचं डोकं पोटाशी धरलं. हे बाबांना कधीच कळणार नव्हतं. एक तिकडं उपाशी, एक इकडं उपाशी, आणि मध्ये फक्त एका दिवसाचा प्रवास.

त्या रविवारी नगरहून आलेल्या नव्या पाळकांनी प्रभुभोजन दिलं. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ताट येण्याआधीच योहान उभा राहिला. “मी चुकलो,” तो म्हणाला. पुढं काय चुकलो ते त्याला सांगता येईना. कोंबड्याचं नाव त्यानं घेतलं नाही. “मी उशिरा आलो,” म्हणाला आणि खाली बसला. पूर्वी बाबांनी असंच उभं केलेला तो म्हातारा सरकून त्याच्याशेजारी येऊन बसला. योहाननं तुकडा घेतला, पण त्याला गिळवेना. आई पाठीवरून हात फिरवत होती.

आई जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुंबईत माझं भरलं घर आहे, आणि सणावाराला बोलावून जेवू घालणारी माणसंही पुष्कळ आहेत. तुम्ही विचारता, गावाकडं आता कोण आहे तुझं? खरं आहे, कुणी नाही. आपण नाही म्हणून जिथं कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही, ते आपलं घर. माझ्यासाठी असं उपाशी राहणारं आता कुठंच कुणी उरलं नाही.